बस्त्यातला पिवळा कागद

माझ्या सासरी देवाच्या फळीवर, देवांच्या शेजारीच, एक तांबडा बस्ता असे. बस्ता म्हणजे जमिनीचे कागद बांधून ठेवायचं जाडंभरडं फडकं. निजामाच्या राज्यात सरकारी कागद सगळे उर्दूत. ते राज्य गेलं, पोलीस ॲक्शन होऊन गेली, शाळेची शुक्रवारची सुट्टी इतवारची झाली, तरी बस्त्यातले कागद होते तसेच राहिले. घरात उर्दू वाचता येई ती एकट्या आमच्या ह्यांना. बाकीच्यांचं गणित सोपं होतं. उजवीकडून डावीकडे चालणारं अक्षर दिसलं की तो कागद जमिनीचा, आणि जमिनीचा कागद म्हणजे लक्ष्मी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला बस्ता सोडून पाटावर मांडत आणि एकेका कागदाला हळदकुंकू लावत. कुंकवाने अर्धीअधिक अक्षरं बुजली होती, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जो गाढवपणा केला तो ह्याशिवाय कळायचा नाही.

माझं लग्न उशिरा झालं. रझाकारांच्या धामधुमीत सेलूकडच्या आमच्या गावात कुणी मांडव घालायला धजत नव्हतं. मग एक वर्ष पीक बुडालं, एक वर्ष घरात सुतक, असं करत करत मी एकविसाव्या वर्षात गेले. तेव्हाच्या हिशोबाने घोडनवरीच. नवरा पंचविशीचा, चुडाव्याचा, तिथल्याच शाळेत मास्तर. शेतकऱ्याच्या घरातला पहिला शिकलेला मुलगा. सावळा, किडकिडीत, बोलायला मऊ. मला तो पहिल्याच दिवशी आवडला. ऐंशी ओलांडल्यावर आता हे सांगायची लाज कसली बाळगायची?

आमच्याकडे नवराबायकोला पहिल्यांदा एका खोलीत पाठवायचं म्हणजे सगळ्या भावकीचा कार्यक्रम. आम्ही आत, आणि बाहेर ओसरीवर चुलत्या, मावश्या, जावा गाणी म्हणत बसलेल्या. मधूनच एखादी दाराला कान लावायची आणि बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. आत ह्यांनी माझ्याशी फार चांगलं बोलून घेतलं. माहेरची आठवण येते का विचारलं, मला किती वाचता येतं ते विचारलं. चौथीपर्यंत म्हटल्यावर खूश झाले. त्यानंतर जे व्हायचं ते झालं नाही. मन पुढे आणि शरीर मागे राहिलं, असं मी नंतर माझ्यापुरतं नाव दिलं त्याला. ते घामाघूम झाले, "माफ कर" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सकाळी बायकांनी मला कोपरखळ्या मारल्या. मी खाली मान घातली. त्यांना हवा तो अर्थ त्यांनी काढला, नि मीही तो काढू दिला.

असं एक दिवस नाही, दोन वर्षं चाललं. सुरुवातीला मी खोट माझ्यात शोधली. आरशात बघून झालं, वेणी वेगळी घालून झाली. मग राग आला. एकदा तर मी सरळ म्हटलं, "मी काय दगड हाय का?" त्यावर ते रडले. पुरुषाला रडताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. राग कुठच्या कुठे गेला आणि मला त्यांची इतकी माया आली की मीही रडायला लागले. बरं, दिवसा माणूस सोन्यासारखा. पूर्णेच्या बाजारला गेले की माझ्यासाठी बांगड्या आणत, आईच्या देखत देता येत नाहीत म्हणून पिठाच्या डब्यात लपवून ठेवत. रोज भाकरी थापायला बसले की पिठात बांगडी आहे का ते मी आधी चाचपून बघे. रात्र झाली की हाच माणूस अंग चोरून बसायचा, शाळेत तपासणीला इन्स्पेक्टर आल्यासारखा.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई वाईट नव्हत्या, घाईच्या होत्या. वर्षभर वाट बघितली आणि मग त्यांनी काढे सुरू केले. अशोकाची साल, शिवलिंगीचं बी, आणखी कशाकशाची मुळं. पितळेचं एक पातेलंच त्यासाठी वेगळं काढलं होतं. रोज सकाळी अनशापोटी ते कडूजहर मी नाक धरून प्यायचे. हे शाळेत जाता जाता एकदा माझ्याकडे बघत आणि मान खाली घालून निघून जात. ह्यांच्या दुखण्याचा काढा मी पीत होते, हे घरात दोघांनाच ठाऊक होतं आणि दोघंही गप्प होतो. मी गप्प का राहिले? नवऱ्याची लाज ती माझी लाज, असं मला शिकवलं होतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, सांगितलं असतं तर गावाने त्या माणसाला जिवंत ठेवलं नसतं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला आत्याबाई मोठ्याने बोलायला लागल्या. "एका रानात उगवत न्हाई तर दुसरं रान बघावं लागतंय." दुसरी बायको करण्याविरुद्ध कायदा येतोय म्हणे, असं हे शाळेतल्या पेपरात वाचून सांगत. पण कायद्याला चुडाव्यापर्यंत यायला गाडी मिळाली नव्हती. सवत येणार म्हटल्यावर मला माझं वाईट वाटलंच. मला तर सवतीचंही वाईट वाटत होतं. तीही येऊन काढेच पिणार होती.

त्या दिवाळीच्या आधी मी कपड्यांना ऊन द्यायला ह्यांची पत्र्याची पेटी उघडली. तळाला अंथरलेल्या कागदाच्याही खाली, एक पिवळा पडलेला घडीचा कागद. उर्दू अक्षर, वर वाघाचं चित्र, मोहरेसारखा गोल शिक्का. जमिनीचा कागद असा पेटीत टाकून ठेवलाय! उद्या वाळवी लागली म्हणजे? मी तो कपाळाला लावला आणि बस्त्यात नेऊन ठेवला. लक्ष्मीपूजनाला बाकीच्या कागदांबरोबर त्यालाही हळदकुंकू मिळालं. वाघाच्या कपाळावर तर मीच माझ्या बोटाने लावलं. हे तेव्हा स्टेशनवर कुणाला तरी सोडायला गेले होते, ते नशीब म्हणायचं की दुर्दैव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे माघात जमिनीची नवी पाहणी निघाली. जुने कागद कुणाकडून तरी वाचून घेऊन काय आहे नि काय नाही ते ठरवायचं होतं. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, मुलाने वाचलेलं चालत नव्हतं. घरच्या माणसाचं वाचन भावकीत कोण खरं मानतो? पूर्णेला एक म्हातारे हकीम होते. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे भाऊ हैदराबादेकडे निघून गेले, हे तेवढे मागे राहिले. औषधाला लोक कमी येत, जुने कागद वाचून घ्यायला जास्त. आत्याबाईंनी मामांना सांगितलं, "हिलाबी संगं न्या. कागद वाचून व्हतील आन् हिची नाडीबी बघून व्हईल." एका खेपेत दोन कामं. मामा पुढे, बस्ता काखेत, मी मागे, असे आम्ही पॅसेंजरने पूर्णेला गेलो.

हकीमसाहेब चटईवर बसून एकेक कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होते. ही पावती, हा बांधाचा निवाडा, हा आजाच्या नावचा उतारा. मामा माना डोलावत होते. घरात उर्दू वाचणारा एकटा मास्तर, हे त्यांनी आल्याआल्याच सांगितलं होतं. मग पिवळा कागद आला. हकीमसाहेबांनी वाघ पाहिला, वाघाच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, चार ओळी वाचल्या आणि थांबले. चष्म्यावरून आधी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पदर नीट केला.

"ह्यो कशाचा हाय?" मामांनी विचारलं.

"ह्यो मास्तरच्या नावचा कागद हाय," हकीमसाहेब शांतपणे म्हणाले. "त्याच्यासमोरच वाचावा लागतो. इतवारी त्याला पाठवा."

मग त्यांनी माझी नाडी बघितली. बराच वेळ बघितली. "बेटी, तुझ्या नाडीत काईच खोट न्हाई," ते म्हणाले. आणि मामा बस्ता बांधायला वळले तेव्हा हळूच पुढे, "दवा दोघाला मिळून द्यावी लागंल. त्याला एकटा पाठवू नको. तू बी ये."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. पिवळा कागद हे शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी पेटी उघडून तळ चाचपला. "तू माझ्या पेटीला हात कशाला लावला?" इतक्या मोठ्याने ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडले. मी जमिनीचा कागद समजून पूजा केली म्हटल्यावर ते पेटी उघडी टाकूनच बाहेर निघून गेले. दोन दिवस धड जेवले नाहीत. पूर्णेला जाणार नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"तुमच्यापायी मी दोन साल काढे प्यायले," मी म्हटलं. "जीभ कडू झाली माझी. तुमाला एक डाव पूर्णेला जाया येईना?"

इतवारी आम्ही पूर्णेला गेलो.

हकीमसाहेबांनी दार लोटून घेतलं. मी आत त्यांच्या बायकोकडे जायला उठले तर म्हणाले, "बस बेटी. ह्यात तुझं बी अर्धं हाय." मग त्यांनी ह्यांच्याकडे बघून फक्त, "सांग मास्तर," एवढं म्हटलं. आणि दोन वर्षं भिंतीला सांगितलेलं सगळं ह्यांनी त्या म्हाताऱ्याला सांगितलं.

मास्तरकीचं ट्रेनिंग घेताना परभणीच्या उरुसात एका चादर पसरून बसलेल्या औषधवाल्याने तो कागद ह्यांच्या हातात दिला होता. त्यात लिहिलं होतं की जवानीत ज्यांनी एकांतात स्वतःची नासाडी केली, त्यांचं लग्नाच्या पहिल्याच रात्री बिंग फुटतं. असा माणूस तबाह होतो, त्याचं घराणं बुडतं, आणि आमचं माजून खाल्ल्याशिवाय त्याला तरणोपाय नाही. माजून म्हणजे मधात कालवलेलं औषध. एकटा तरुण मुलगा, त्याच्या हातून जे सगळ्यांच्या हातून होतं ते झालेलं. त्याने तो कागद पाठ होईपर्यंत वाचला. लग्न झालं, खोलीत आला, बाहेर बायका हसल्या, आणि कागदातलं वाक्य आठवलं. त्या क्षणी अंगातलं बळच गेलं. मग त्याची खात्री पटली की कागद खरा आहे. त्यानंतर रोज आज तरी होतं का नाही ते बघायचं, आणि रोज नापास व्हायचं.

"पहाटे?" हकीमसाहेबांनी विचारलं. "झोपेतून उठताना अंग आपसूक जागं व्हतं का?"

ह्यांनी मान खाली घालून होकार दिला.

"मग बैल बी धड हाय आन् गाडी बी धड हाय. कोनीतरी सांगितलं, वाटंत भूत हाय. बैल त्या जागेवर आला की थांबतोय. पहाटे बी अंग गप असतं, लघवीला मुंग्या लागत असत्या, कायी जुना आजार असता, तर म्या म्हनलं असतं नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात जा. तुला तसं कायी न्हाई." मग त्यांनी विचारलं, "मास्तर, झोप येती का न्हाई ते बघत पडलं तर झोप येती का?"

"न्हाई," हे म्हणाले.

"ह्ये बी तसंच हाय. पहारा बसवला की येत न्हाई."

मला तेव्हा इतका राग आला होता, त्या औषधवाल्याचा. माणसाची झोप, हसू, बायको, सगळं एका पिवळ्या चिठोऱ्याने पळवलं होतं आणि मी त्याला कुंकू लावलं होतं.

औषध म्हणून हकीमसाहेबांनी चाळीस पुड्या दिल्या. रोज दुपारी एक पुडी, दोघांनी अर्धी अर्धी. पथ्य मात्र कडक. चाळीस दिवस नवऱ्याने बायकोला हात लावायचा नाही. बोट लावायचं नाही. आणि पुडी खाल्ल्यावर तासभर नवऱ्याने बायकोला उर्दू शिकवायचं. "चाळिसाव्या दिवशी," ते मला म्हणाले, "ह्यो कागद तू मला वाचून दाखवायचा. तवर ह्यो तुझ्या ताब्यात. मास्तर, तुमी ह्याला हात लावायचा न्हाई." आणि तो कागद त्यांनी माझ्या ओटीत टाकला.

पथ्य ही आमच्याकडे मोठी गोष्ट. औषधावर शंका घेतील, वैद्यावर घेतील, पण पथ्यावर कुणी शंका घेत नाही. आंबट नको तर नको, मीठ नको तर नको. सून भरदुपारी नवऱ्यासमोर पाटी घेऊन बसली आहे हे एरवी आत्याबाईंनी एक दिवस चालू दिलं नसतं. पण हकीमाचं पथ्य म्हटल्यावर त्याच शेजारणींना सांगू लागल्या, "तिला लिहायचं पथ्य हाय." त्यांची समजूत अशी की औषध मला चालू आहे. आम्ही ती मोडली नाही. काढ्याचं पातेलंही चालूच राहिलं, दोन्ही औषधं मिळून काम लवकर होईल म्हणून.

त्या दिवसांची आठवण आली की मला अजून हसू येतं. शाळेतून हे जेवायला येत, आम्ही पुडी अर्धी अर्धी खायचो. गोड लागायची, बडीशेपेसारखी. मग पाटी. अलिफ म्हणजे उभी काठी. बे म्हणजे होडी, पोटाखाली एक टिंब. ते ह्या अक्षराच्या डोक्यावर दोन. माझी होडी नेहमी बुडायची. मुलांना शिकवताना मास्तर हातावर हात धरून गिरवून घेतात. ह्यांचा हात सवयीने पुढे यायचा, माझ्या हाताच्या चार बोटं वर थांबायचा आणि मागे जायचा. मग ते पाटीवर ठिपके काढून द्यायचे आणि मी ठिपके जोडायची. कधी कधी तो हात वर थांबलेला असताना मी मुद्दामच हळू लिहायची. त्यांनाही ते कळायचं. "शिस्त," म्हणायचे, आणि कान लाल व्हायचे त्यांचे.

आता रात्रीची परीक्षा नव्हती. पथ्यच होतं, मग पास काय नि नापास काय! आम्ही आपापल्या अंथरुणावर पडून बोलत राहायचो. त्यांच्या शाळेतल्या पोरांच्या गोष्टी, माझ्या माहेरच्या म्हशीच्या गोष्टी. माझा नवरा विनोदी आहे, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं.

पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी पाहुणे आले. आत्याबाईंनी मला न सांगता निरोप धाडला होता. पाथरीकडचा एक गृहस्थ आणि त्याचा भाऊ, मुलगी द्यायची आहे म्हणून घर बघायला आले. ओसरीवर घोंगडी टाकली. मामा अवघडून बसले होते. आत्याबाईंनी मला चहा करायला सांगितला. ज्या माणसांनी माझ्या नवऱ्याला आपली मुलगी द्यायची त्यांच्यासाठी चहा मी करायचा. मी केला. आलं घातलं, साखर नीट घातली. कपबशा घेऊन ओसरीवर आले तेव्हा हे शाळेतून येऊन दारात उभे होते. डोक्यावर टोपी, हाताला खडू. कुणी काही सांगायच्या आधीच त्यांना सगळं कळलं होतं.

मी बशा मांडल्या. पाहुण्याने कप उचलला. हे तिथेच, दारातच उभे राहून म्हणाले,

"पावणं, च्या घ्या. पर पोरगी दुसरीकडं बघा. माझ्या बायकोत कायी दोष न्हाई. दोष माझ्यात हाय. लग्नाला दोन साल झाले, मी अजून हिचा नवरा झालेलो न्हाई. औषध मलाच चालू हाय."

पाहुण्याने चहा संपवला, बिचारा भला माणूस होता, आणि राम राम करून उठला. मामा उठून बैलांकडे गेले, ते दिवेलागणीलाच परतले. हे पाय धुवून पाटी घेऊन बसले आणि मला म्हणाले, "चल, आज जीम राहिलाय." मला अक्षर दिसत नव्हतं.

संध्याकाळी आत्याबाई चुलीपाशी येऊन बसल्या.

"दोन साल?" त्यांनी विचारलं.

"हां."

"आन् तू काढे पीत ऱ्हायलीस?"

"तुमी देत ऱ्हायल्या."

"मला सांगायचं व्हतंस."

"कोनाचं सांगू, आत्याबाई? तुमच्या लेकाचं?"

त्या उठल्या, काढ्याचं पितळी पातेलं घेऊन अंगणात गेल्या. आतला काढा शेवग्याच्या बुडाशी ओतला, राखेने पातेलं घासलं, पुन्हा घासलं, कडूपणा राहिला का ते स्वतःच्या जिभेने बघितलं. त्यात दूध तापवून गूळ घातला आणि ते पातेलं माझ्यापुढे ठेवलं. "पी," म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि मीही रडत ते दूध प्यायले. आमच्यात त्या विषयावर त्यानंतर एकदाही बोलणं झालं नाही.

गावाने मात्र भरपूर बोलून घेतलं. शाळेच्या भिंतीवर कुणी कोळशाने काहीबाही लिहिलं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन ते ओल्या फडक्याने पुसलं आणि हजेरी घेतली. ज्याची सात वर्षं धास्ती घेतली होती ते बिंग फुटून झालं होतं, तेही ह्यांच्याच तोंडाने. आणि मास्तरांना शाळेत मास्तरच म्हणत होते.

मग तेहेतिसावा दिवस. शाळेला सुट्टी होती. आत्याबाईंनी सकाळीच मामांना हाक मारली, "चला, पूर्णेच्या बाजारला. सांजपस्तोर कायी आमी येत न्हाई." जाताना शेजारणीलाही बरोबर ओढून नेलं. एरवी बाजारला कधी गेल्या नव्हत्या. अंगणात कोंबड्यांशिवाय कुणी राहिलं नाही.

पुडी खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "आज कागद वाचते." पिवळा कागद मी मांडीवर उलगडला. ह्यांचा चेहरा अजूनही थोडा ताणला गेला. मी बोट ठेवून वाचायला लागले. एकेक अक्षर सुटं करायचं, मग जोडायचं. 'जवानी'ला मला पाव तास लागला. वाघाच्या कुंकवाखाली एक शब्द बुजला होता तो सोडून दिला. पुढे, "ते... बे... अलिफ... हे. त, बा, ह."

"नीट," ते म्हणाले. "तबाह."

"तबाह म्हंजी?"

"वाटोळं."

"कोनाचं?"

"माझं," ते म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. एखाद्याला उचकी लागावी तसं हसू. मी पुन्हा बोट ठेवून वाचलं, "त, बा, ह," आणि आम्ही दोघंही पोट धरून हसत सुटलो. सात वर्षं ज्या वाक्याने त्यांना झोपू दिलं नव्हतं, ते वाक्य चौथी शिकलेली बायको उन्हात बसून अडखळत वाचत होती, आणि त्यांना तिचे उच्चार सुधारायचे होते. हसता हसता माझ्या हातातून पाटी घसरली, ती धरायला त्यांचा हात आला, तो माझ्या हातावर पडला. ह्या वेळी तो मागे गेला नाही.

पथ्याला सात दिवस कमी पडले.

हकीमसाहेबांकडे आम्ही गुन्हेगारासारखे गेलो. "किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं जमिनीकडे बघत बसलो. म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला आला. "चाळीस आजपर्यंत कोनी पुरे केले न्हाईत," ते म्हणाले. "केले असते तर मला फिकीर लागली असती." पुडीत काय होतं विचारल्यावर म्हणाले, "बडीशेप आन् खडीसाखर. दवा तर तुमी घरीच केली." कागद मात्र त्यांनी मला सगळा वाचायला लावला. तीन चुका काढल्या.

पुढे कधीच अडलं नाही असं नाही. बदलीचा हुकूम आला तेव्हा, मामा गेले त्या वर्षी, पुन्हा तसंच होई. पण आता ते भिंतीकडे तोंड करत नसत. "आज पाटी," म्हणत, आणि आम्ही बोलत पडायचो. थोड्या दिवसांनी ते आपोआप निवळे. दोन मुलगे झाले, एक मुलगी झाली. हकीमसाहेबांकडे गेलो त्याच वर्षीच्या दिवाळीत बस्ता सोडला तेव्हा पिवळा कागद मी बाजूला काढून ठेवला होता. आत्याबाईंनी कागद मोजल्यासारखे बघितले. "त्यो वाघाचा कुठाय?" म्हणाल्या. "त्योबी मांड." आणि त्यांनी स्वतः त्याला हळदकुंकू लावलं.

ह्यांच्या शेवटच्या आजारपणात मी एकदा त्यांना विचारलं. इतकी वर्षं ते विचारायचं राहूनच गेलं होतं. त्या दिवशी पाहुण्यांसमोर, गावासमोर, असं बोलायचं बळ तुम्हाला कुठून आलं? औषधाचं होतं का?



"तू च्या घेऊन आलीस," ते म्हणाले. "मी तुझ्या हाताकडं बघत व्हतो. तुझ्या सवतीच्या बापाला तू च्या देत व्हतीस आन् बशी जरासुदिक हालत न्हवती. मला वाटलं, हिला सवय झाली आता. मला त्या कागदाची कधी वाटली न्हवती एवढी भीती वाटली."

मी त्यांचा हात धरला. माझाच हात त्या वेळी थरथरत होता. त्यांनी तो नीट बघितला आणि आपल्या दोन्ही हातांत घेऊन ठेवला.